गाडी कुणाच्या नावावर?

(लालबाग-परळ भागातल्या वस्तीगटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या बैठकीचा विषय ठरवताना आपल्यातल्याच एकीने म्हटलं, "दारूवर आपण इतकी वर्षं बोलतोय, पण दारू पिऊन गाडी चालवण्यावर कधी बोललोच नाही." खरं आहे ते. दारू म्हटलं की आपल्यापुढे मारहाण येते, फुटका पगार येतो, गहाण पडलेलं मंगळसूत्र येतं. त्यावर आपण मोर्चे काढले, गुत्त्यांवर गेलो, गावाकडच्या बहिणींनी मतदान करून बाटली आडवी केली. गाडी मात्र आपल्या हिशेबात नव्हती. गाडी मोठ्यांची, बार मोठ्यांचे, पकडले जाणारही तेच, अशी आपली समजूत होती.

ती समजूत आता सोडावी लागेल. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. साच्यांचा खडखडाट होता तिथे टॉवर उभे राहिले, मॉल आले, मध्यरात्र उलटेपर्यंत चालणारे बार आले. आणि चाळीच्या चौकात जिथे पापड वाळत घालायचो तिथे आज स्कूटर आणि मोटरसायकली लागलेल्या आहेत. आपले नवरे, मुलं, दीर टॅक्सी चालवतात, टेम्पो चालवतात, घरोघर जेवणाच्या पिशव्या पोचवतात. घराची चूल चाकावर चालते. म्हणून या कायद्याशी आपला संबंध आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे. आज मी एवढंच दाखवणार आहे की गुन्हा एकाचा असला तरी त्याची भरपाई दोन्ही बाजूंच्या बायका कशा करतात, आणि त्यातलं किती आपण आधीच टाळू शकतो.

आधी साधा प्रसंग घेऊ. अपघात नाही, कुणी जखमी नाही. रात्री नाकाबंदी आहे, पोलिसांनी मोटरसायकल थांबवली आणि फुंकायचं मशीन पुढे केलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर तो गुन्हा. ३० मिलिग्रॅम म्हणजे किती घोट, हे मला विचारू नका. ते माणसाच्या वजनावर, खाण्यावर, वेळेवर ठरतं. 'एवढी तर चालते' असं सांगणारा माणूस स्वतःची समजूत घालत असतो. गाडी चालवायची असेल तर प्यायची नाही, एवढाच हिशेब सुरक्षित.

शिक्षा काय? पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ ची दुरुस्ती होण्याआधी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंत होता. मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी या कलमाची मोहीम नेटाने चालवली आणि कोर्टांनीही दंडावर न थांबता कैद द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना या कलमाची ओळख झाली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, तर जागेवर दंड भरून मोकळं होता येतं. कलम १८५ चं तसं नाही. हा गुन्हा पावती फाडून मिटत नाही. न्यायाधीशांसमोर उभं राहावंच लागतं, मग ते भोईवाडा कोर्ट असो, शिंदेवाडी असो की गिरगाव. म्हणून रस्त्यावर कुणी 'इतके द्या, इथेच मिटवू' म्हणत असेल तर ते पैसे सरकारच्या तिजोरीत जाणारे नाहीत, हे उघड आहे. आणि नवऱ्याचा फोन आला की 'कपाटातले पाच हजार घेऊन ये', तर ते पाच हजार घेऊन धावणारी बाई एक गुन्हा झाकायला दुसरा गुन्हा करते. लाच देणं हाही गुन्हाच.

'मग फुंकायचंच नाही,' असं काही पुरुष एकमेकांना शिकवतात. हा सल्ला फसवा आहे. कारणाशिवाय तपासणीला नकार दिला तर कलम २०५ खाली कोर्ट तो नकारच त्याच्याविरुद्ध धरू शकतं. आणि श्वासाची तपासणी नाकारणाऱ्याला अटकेनंतर रक्ताचा नमुना द्यायला सांगता येतं.

अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणी झालेल्या डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर त्याला सोडून द्यावं लागतं. हे कलम २०२ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा ठाण्यावर पोचलात की रडू नका, हात जोडू नका. घड्याळ बघा. अटक किती वाजता दाखवली, तपासणीला कुठे नेलं, किती वाजता नेलं, हे विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. अंमलदाराचं नाव त्याच्या छातीवर असतं, तेही लिहा.

गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे, मेहरबानी नाही. पण जामीनदार म्हणून सही करायला बहुतेक वेळा बायकोला किंवा आईला पुढे केलं जातं. रेशन कार्ड आणा, वीजबिल आणा, इथे सही करा. मैत्रिणींनो, ती सही म्हणजे नुसती ओळख पटवणं नाही. तो माणूस कोर्टाच्या तारखेला हजर झाला नाही तर बंधपत्रावर लिहिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. घर चालवणारी बाई ही सही टाळू शकत नाही, हे मला कळतं. पण रक्कम किती लिहिली आहे ते वाचून सही करा, आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि वॉरंट घेऊन शिपाई चाळीत येतो तेव्हा दार बाईच उघडते.

दंडापेक्षा मोठी कुऱ्हाड पडते ती लायसनवर. पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवतात. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने ते निलंबित होऊ शकतं, दुसऱ्यांदा रद्द होऊ शकतं. आणि कोर्टाने दोषी ठरवलं तर कलम २० प्रमाणे कमीत कमी सहा महिने गाडी चालवण्यास अपात्र ठरवावंच लागतं. साहेबाच्या मुलाला सहा महिने ड्रायव्हर ठेवता येतो. पण ज्याचा धंदाच ड्रायव्हरचा, त्या टॅक्सीवाल्याच्या घरात सहा महिने काय शिजणार? तेव्हा बाई आणखी दोन घरची पोळ्यांची कामं धरते. दंडाची रक्कम कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली आहे, या पोळ्यांचा हिशेब कुठेही लिहिलेला नाही.

आता मी ज्या प्रश्नासाठी आले आहे त्या प्रश्नाकडे येते. तुमच्या घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे?

हात वर करा म्हणत नाही, पण मला अंदाज आहे. बचत गटातून कर्ज सहज मिळतं म्हणून, बाईचा हप्ता चुकत नाही हे बँकेला माहीत आहे म्हणून, कधी नवऱ्याच्या नावावर आधीचं कर्ज थकलेलं आहे म्हणून, गाडी बाईच्या नावावर घेतली जाते. आम्हालाही वाटलं होतं की चला, बाईच्या नावावर काहीतरी मालमत्ता होते आहे. घर नाही तर गाडी तरी. पण आरसी बुकावर नाव हिचं आणि किल्ली त्याच्या खिशात. हिला तर चालवताही येत नाही. कायद्याला मात्र किल्ली दिसत नाही. त्याला नाव दिसतं.

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. नाव-गाव सांगणार नाही. मोटरसायकल तिच्या नावावर, चालवणारा नवरा. दारूच्या गुन्ह्यात कोर्टाने त्याला सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवलं. सातव्या दिवशी 'नाक्यापर्यंतच जातो' म्हणून तो गाडी घेऊन गेला. तिने किल्ली दिली नव्हती. पण अडवलंही नव्हतं, कारण अडवलं की काय होतं ते तिला पाठ होतं. त्या दिवशी काही घडलं नाही. ती माझ्याकडे आली ती मारहाणीची तक्रार घेऊन. गाडीचा विषय बोलता बोलता निघाला. मी तिला कलम ५ आणि कलम १८० वाचून दाखवलं. ज्याला चालवण्याचा हक्क नाही त्याला गाडी चालवू देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ती म्हणाली, "म्हणजे मार मीच खायचा आणि तुरुंगातही मीच जायचं?" मी तिला सांगितलं की तुझ्या संमतीशिवाय गाडी नेली हे तुला दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कागद हवा. आम्ही पोलीस ठाण्यात साधा अर्ज दिला की माझ्या मालकीची गाडी माझ्या परवानगीशिवाय नेली जाते, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. मारहाणीची तक्रार वेगळी दिली. त्या एका शिक्क्याने तिचं रक्षण झालं असा माझा दावा नाही. पण उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तिच्या हातात एक कागद असेल.

मुलांच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक आहे. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. आपल्याला न कळत घडलं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं असतं. 'पोरगं ऐकत नाही हो' हे कोर्टात उत्तर होत नाही.

आता अपघात झाला आणि माणूस मेला, तर काय? इथे दोन कलमं आहेत आणि सगळा झगडा त्या दोहोंच्या मधल्या जागेवर असतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हे एक. पूर्वीच्या दंडसंहितेत ते ३०४ अ होतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे ते कलम १०६ आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. दुसरं आहे सदोष मनुष्यवध, पूर्वीचं ३०४ भाग दोन, आताचं कलम १०५. त्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. पहिल्यात जामीन हक्काने मिळतो, दुसऱ्यात मिळत नाही. फरक कशाचा? माझ्या हातून माणूस मरू शकतो हे चालवणाऱ्याला ठाऊक होतं का, याचा.

हा प्रश्न आपल्याच शहरातल्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची कैद दिली. सात माणसं, सहा महिने! त्यावर ओरड झाली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष मनुष्यवध धरून शिक्षा तीन वर्षांची केली आणि १२ जानेवारी २०१२ ला ॲलिस्टर परेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन बेफाम गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव होती असं धरता येतं, हे त्या निकालाने पक्कं झालं. शिक्षा पुरेशी होती का यावर तुमचं-माझं मत एकच असेल. पण 'चूक झाली' आणि 'माहीत असून केलं' यांतला फरक कोर्टाने मान्य केला, ही मोठी गोष्ट आहे.

७ जुलै २०२४ ची वरळीची पहाट तुम्ही विसरला नसाल. वरळी कोळीवाड्यातलं जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून परत येत होतं. मागून आलेल्या मोठ्या गाडीने धडक दिली आणि त्या कोळीण बाईला फरफटत नेलं. ती गेली. नवा कायदा येऊन आठवडाही झाला नव्हता. गुन्हा सदोष मनुष्यवधाचा नोंदवला गेला. पण गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण पोलिसांच्या हाती लागला तो ९ जुलैला. इतक्या वेळाने रक्त तपासून काय सापडणार? दारू रक्तात काही तासच राहते. म्हणून अपघातानंतर पळून जाणं हे नुसतं घाबरणं नसतं. त्यात पुरावाही पळून जातो. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे, हे आपल्या मुलांना शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ करून घ्या.

आणि इथे घरातल्या बाईला पुन्हा पुढे केलं जातं. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, म्हणून देशभर संताप झाला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. ससून रुग्णालयात त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून तिथे त्याच्या आईचं रक्त ठेवलं, असा पोलिसांचा आरोप आहे. आईलाही अटक झाली. खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण हा आरोप ऐकून आपल्यापैकी किती जणींच्या मनात आलं असेल की, आई आहे, दुसरं काय करणार? मुलाला वाचवणं ही आईची, नवऱ्याला झाकणं ही बायकोची जात, असं आपल्याला शिकवलेलं आहे. 'गाडी ड्रायव्हर चालवत होता म्हणून सांग', 'तो घरीच झोपला होता म्हणून जबाब दे', हे बाईलाच सांगितलं जातं, कारण ती नाही म्हणणार नाही याची सगळ्यांना खात्री असते.

कायदा याबद्दल काय म्हणतो तेही ऐका. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, पण नवऱ्याला बायकोने किंवा बायकोला नवऱ्याने आसरा दिला तर त्या कलमातून सूट आहे. ही सूट आईला नाही, बहिणीला नाही, मावशीला नाही. आणि पुरावा नाहीसा करणं किंवा खोटी माहिती देऊन गुन्हेगाराला वाचवणं हे वेगळं कलम, न्याय संहितेतलं २३८. तिथे बायकोलाही सूट नाही. रक्ताचे डाग लागलेले कपडे धुऊन टाकणारे हात बहुतेक वेळा बाईचेच असतात. ते हात आपण आखडते घ्यायला शिकलं पाहिजे.

आता रस्त्याच्या पलीकडच्या बाईकडे वळू. जिचं माणूस गेलं ती. केईएमच्या शवागाराबाहेर बसलेली असते तेव्हाच तिच्याभोवती माणसं जमतात. एक जण म्हणतो, लाख-दीड लाख घे आणि सही कर, कोर्टात वर्षं जातील. तिला सांगायची पहिली गोष्ट ही की फौजदारी खटला सरकार चालवतं. पैसे घेऊन तो मागे घेणं तिच्या हातात नाही, आणि तसं सांगून कुणी सही मागत असेल तर तो तिला फसवतो आहे. दुसरी गोष्ट, नुकसानभरपाईचा दावा हा त्याहून वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. अपघाताची पहिली माहिती तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवायची असते. ती कळवली का, हे विचारायचा हक्क तिला आहे. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत २०२२ पासून लागू झाली, म्हणून वाट बघू नका. आणि मुदत उलटली असेल तर हातपाय गाळू नका, वकिलाला गाठा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये लिहिलेलं आहे.

चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. धडक देणारी गाडीच सापडली नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये. पण गाडी सापडली असेल आणि चूक दाखवता येत असेल, तर पूर्ण दावा करणंच शहाणपणाचं.

पूर्ण दावा म्हणजे किती? एक उदाहरण मांडते. समजा, बेचाळीस वर्षांची मासळी विकणारी बाई गेली. मागे नवरा आणि दोन मुलं. महिन्याची कमाई १५,००० रुपये धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासमध्ये, म्हणून पुढच्या वाढीसाठी २५ टक्के मिळवायचे, झाले १८,७५०. वर्षाचे २,२५,०००. त्यातून तिचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १,५०,०००. या वयाला गुणक १४. म्हणजे २१ लाख रुपये, आणि अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेला आहे. आता त्या दीड लाखाच्या सहीची किंमत काय होती ते तुम्हीच बघा.

'पण ती तर घरीच असायची, तिची कसली कमाई?' असं विचारणारा विमा कंपनीचा वकील भेटतोच. पूर्वी कायद्याच्या तक्त्यात घर सांभाळणाऱ्या बायकोची किंमत नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलेली होती. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घरकाम हे काम आहे, त्याला मोल आहे आणि भरपाईत ते धरलं पाहिजे. आपण चाळीस वर्षं हेच म्हणत आलो. कोर्टात ते मान्य झालं ते बाई मेल्यानंतर, हे दुःख आहे. तरी ते मागायला विसरू नका. पगाराची पावती नसेल तर बाजाराचा परवाना, बचत गटाचं पासबुक, शेजारणींचे जबाब, सगळं चालतं. म्हणून कमाईचे कागद जिवंतपणी सांभाळा.

आता हे २१ लाख कोण देणार? गाडीचा विमा असेल तर विमा कंपनी. पण दारू पिऊन चालवणं हे कंपनीला हात वर करायला कायद्याने आता लेखी कारण आहे. कोर्टं बहुतेक वेळा सांगतात की पीडिताला आधी पैसे द्या आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. विमा नसेल तर सरळ मालकाकडून. आणि मालक कोण? आरसी बुक उघडा. दोन्ही टोकांना बाईच उभी आहे. एकीचं माणूस गेलं आहे, आणि दुसरीच्या डोक्यावर कधी न चालवलेल्या गाडीसाठी २१ लाखांचं देणं आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही विसरा. दारू पिऊन चालवली असेल तर कंपनी तो नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

थोडं बाईने गाडी चालवण्याबद्दल. हा कायदा बाईलाही तसाच लागू आहे, आणि तसाच असावा. जानेवारी २०१० मध्ये मरीन लाइन्सला नाकाबंदीवर, आणि जून २०१५ मध्ये ईस्टर्न फ्रीवेवर, अशा दोन अपघातांत चालवणाऱ्या स्त्रिया होत्या. प्रत्येक वेळी दोन माणसांचे जीव गेले. वर्तमानपत्रांनी मात्र 'बाई असून प्यायली' याचीच चर्चा जास्त केली. आपण म्हणू या की तिचा गुन्हा पिऊन चालवणं हा आहे, बाई असणं हा नाही. तिच्या गुन्ह्याला जादा शिव्या नकोत आणि सवलतही नको. फक्त कायद्याने दिलेलं संरक्षण मिळालं पाहिजे. रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर हवी, हे कलम २०४ मध्ये आहे. आणि सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस आणि न्यायाधीशांची आधी परवानगी लागते.

आता कामाचं बोलू. पुढच्या गटबैठकीत प्रत्येकीने आपल्या घरच्या गाडीचे कागद आणावेत. नाव कुणाचं, विमा कधी संपतो, चालवणाऱ्याचं लायसन चालू आहे का, एवढं वहीत लिहू. जिच्या नावावर गाडी आहे तिने किल्लीवरही हक्क सांगायचा. तो सांगताना मार पडण्याची भीती असेल तर तो एकटीचा प्रश्न राहू नये. गटाने सोबत जावं, अर्ज गटाने लिहून द्यावा. बचत गटाने गाडीसाठी कर्ज देताना चालवणारा कोण आणि विमा कुठला, हे विचारल्याशिवाय मंजुरी देऊ नये. आणि वस्तीत अपघात झाला तर आपल्यातल्या दोघींनी जखमीच्या घरच्या बाईबरोबर बसावं, म्हणजे पहिली सही ती एकटी करणार नाही.

गणपती जवळ आले आहेत. त्या दहा दिवसांत लालबागच्या रस्त्यांवर पहाटेपर्यंत माणूस असतो. तेवढ्या वेळात तरी किल्ल्या कुणाच्या हातात राहतील, हे आजच ठरवून उठू या.